पुढचं चाक काय सांगतं?

मी चारकोपहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. एरवी आपण कर्ज, हिशेब, मालाचं पॅकिंग यांवर बोलतो. आज बोलायचंय जुन्या घरगाडीबद्दल आणि तिच्या पुढच्या चाकांबद्दल.

घरगाडी म्हणजे काय, ते आधी सांगते. मोठ्या व्हॅनच्या आत झोपायला बाक, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि संडास बसवलेला असतो. परदेशात तिला मोटरहोम म्हणतात. मुंबईत तिची बहीण म्हणजे शूटिंगची व्हॅनिटी व्हॅन. ती आपल्या चित्रपटसृष्टीत आणण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लों यांना दिलं जातं. इकडे गोरेगावची चित्रनगरी, तिकडे मढ, त्यामुळे आमच्या उपनगरात अशा गाड्या रस्त्याकडेला दिसणं नवीन नाही. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून कृषी पर्यटन करणाऱ्या गटांतही घरगाडीची चर्चा असते.

आपल्या बायकांना या गाडीचं आकर्षण का वाटतं, ते तुम्हीही जाणता. पापड-मसाले घेऊन प्रदर्शनाला, जत्रेला जायचं तर रात्री राहायचं कुठे आणि संडासला जायचं कुठे, हे दोन प्रश्न सुटत नाहीत. कितीतरी जणी त्यासाठी दिवसभर पाणीच कमी पितात. नवी गाडी परवडत नाही, म्हणून गट जुनी बघायला निघतो. बघताना सगळ्यांचं लक्ष जातं रंगावर, गादीवर, पडद्यांवर. पुढच्या चाकांकडे कुणी वाकून बघत नाही. पण गाडी वळते ती याच चाकांवर, आणि ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येतो तोही यांच्यावरच. घाटात चाकानं दगा दिला तर कर्जाचा हप्ता बाजूला राहील, जीवावर बेतेल.

सगळ्यात आधी वजनाचं बघू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो, म्हणजे तीन-चार माणसं कायमची गाडीत बसवल्यासारखी. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि वर लोखंडाचं वजन जवळपास तेवढंच. ओटा आणि टाकी दोन्ही एकाच बाजूला बसवली असतील तर त्या बाजूचे पाटे दबतात आणि गाडी कलते. टाकी मागच्या चाकांच्याही मागे टांगली असेल तर सी-सॉसारखं होतं. मागे भार पडला की पुढचं टोक हलकं होतं, पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत आणि स्टेअरिंग तरंगल्यासारखं लागतं. अशा वेळी चाकात काहीच बिघाड नसतो, टाकीची जागा चुकलेली असते. म्हणून गाडी भरून वजनकाट्यावर न्या. एकदा पूर्ण वजन करा, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन. मग आरसी बुकात लिहिलेल्या वजनाशी ताडून बघा.

आता चालती गाडी. ड्रायव्हरशेजारी एक जण वही घेऊन बसा. फक्त एवढंच लिहायचं: गाडी कधी तक्रार करते? सरळ रस्त्यावर, वळताना, ब्रेक दाबल्यावर की खड्ड्यात? या ‘कधी’तच निम्मं निदान असतं.

सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही टायरची हवा बघा. हवा सारखी असूनही ओढत असेल तर अलाइनमेंट बिघडलेली असेल किंवा एका चाकाचा ब्रेक चिकटत असेल. हे ओळखायला आठ-दहा किलोमीटर चालवून गाडी थांबवा. हाताची पाठ चाकाच्या मधल्या भागाजवळ न्या, टेकवू मात्र नका, भाजेल. डावं आणि उजवं सारखंच कोमट हवं. एकच तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय किंवा बेरिंग गेलंय. पावसाळाभर उभी राहिलेल्या गाडीत गंजामुळे ब्रेक असा चिकटतो.

वेगाबरोबर वाढणारी ‘घूंऽऽ’ अशी घरघर आली आणि वळताना ती कमी-जास्त झाली, तर संशय बेरिंगवर. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. म्हणून उजवीकडे वळताना घरघर वाढली तर बहुधा डावं बेरिंग, आणि डावीकडे वळताना वाढली तर उजवं.

स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘कट-कट’ वाजत असेल तर आधी गाडी कोणती ते बघा. आकुर्डीच्या कारखान्यातली बजाज टेम्पोची जुनी मॅटाडोर तुम्हाला आठवत असेल. तिचं इंजिन पुढच्या चाकांना ओढतं. अशा गाडीत कट-कट म्हणजे एक्सलचा जॉइंट झिजलाय. चाकाच्या आतल्या बाजूचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का, ते बघा. नंतरच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये जोर मागच्या चाकांवर असतो, तिथे पुढच्या चाकात हा जॉइंट शोधत बसायला नको.

खड्ड्यात ‘खटॅक’ असा आवाज आला तर बुश, शॅकल, किंगपिन किंवा बॉल जॉइंट यांतलं काहीतरी ढिलं आहे. खड्ड्यानंतर गाडी होडीसारखी डुलत राहिली तर शॉकअप गेलेत. जड गाडीचा कोपरा हातानं दाबून ते नीट कळत नाही. खाली वाकून शॉकअपवर तेल ओघळलंय का, ते बघा.

एका ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, तर चाकाचं बॅलन्सिंग करून घ्या. पण खड्डा लागल्यावर स्टेअरिंग जोरात वॉबलिंग करू लागलं आणि गाडी अगदी हळू होईपर्यंत थांबलं नाही, तर मात्र पुढे जाऊ नका. ब्रेक करकचून न दाबता वेग हळूहळू कमी करायचा, कडेला घ्यायचं आणि मेकॅनिकला तिथेच बोलवायचं.

आता उभी गाडी. टायरवरून हात फिरवा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली होती. मधलाच भाग झिजला असेल तर हवा जास्त होती. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली किंवा जॉइंट ढिले. जागोजागी वाट्यांसारखे खळगे असतील तर शॉकअप कमजोर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. घरगाडी वर्षातले बरेच दिवस उभीच असते, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबराला मात्र तडे जातात. नक्षी बघून फसू नका.

सपाट जागेवर मोजपट्टीनं जमिनीपासून चाकावरच्या पत्र्यापर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजा. गाडी रिकामी असूनही फरक दिसला तर पाटा तुटलेला किंवा बसलेला असू शकतो.

शेवटची परीक्षा मेकॅनिककडून आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या. मागच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, पुढचं चाक जॅकवर उचलायचं आणि खाली घोडी लावायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचं नाही. मग चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर एकीनं ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचं. खेळ गेला तर दोष बेरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉडचे टोक किंवा स्टेअरिंग बॉक्स बघायचा. जुन्या गाड्यांत बेरिंगचा थोडा खेळ नुसतं ग्रीस भरून आणि नट नीट आवळूनही जातो, दरवेळी नवा भाग लागतोच असं नाही.

इथेच गटाचे पैसे वाचतात. गॅरेजमध्ये जाऊन ‘बेरिंग बदला’ असं सांगू नका. वहीतलं लक्षण वाचून दाखवा: ‘चाळीसच्या पुढे घरघर येते, उजवीकडे वळताना वाढते.’ मग त्यांनी कारण शोधायचं आणि तुम्हाला हलवून दाखवायचं. काढलेला जुना भाग परत मागा. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करा. जॉइंट ढिले असताना केलेली अलाइनमेंट टिकत नाही, ते पैसे वाया जातात. चाक काढून बसवलं असेल तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

आता कोणी म्हणेल, गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट आहे की! आमच्या चारकोपातच बोरिवलीचं आरटीओ आहे, तिथे हा प्रश्न रोजचाच. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला हे सर्टिफिकेट दरवर्षी घ्यावं लागतं. ते जरूर बघा. पण ते तपासणीच्या दिवसापुरतं बोलतं, आणि गाडी त्यानंतर कितीतरी खड्डे खाऊन तुमच्यापर्यंत आलेली असते. शिवाय आत ओटा-टाकी नंतर बसवली असेल तर त्या बदलाची नोंद आरसीवर आहे का, तेही विचारा.

गाडी घ्यायला जाल तेव्हा दोघी-तिघी जा. एकीकडे वही, एकीकडे मोजपट्टी, एकीकडे बॅटरी. विकणारा चालवून दाखवायला किंवा चाक उचलू द्यायला तयार नसेल, तर गाडी कितीही सजवलेली असली तरी इसार देऊ नका, सरळ घरी या. आणि घेतलीत, तर दर महिन्याच्या बैठकीत हिशेबासोबत गाडीची वहीही वाचा. कुठला आवाज नवा आहे, कुठला वाढलाय, ते त्यातून सगळ्यांना वेळेत कळेल.