डिफरन्शिअलमधील पहिले तेल आणि 'आजीवन' या शब्दाचा अर्थ

मोटारीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत इंजिनाचे तेल केव्हा बदलावे हे स्पष्ट आकड्यांत सांगितलेले असते. मागील आसावरील डिफरन्शिअलच्या तेलाविषयी मात्र अनेक पुस्तिका एक तर मौन पाळतात, किंवा ते तेल 'आजीवन' भरलेले आहे असे सांगून मोकळ्या होतात. वेगवान व शक्तिमान मोटारींचे मालक ह्या विधानावर सहसा विसंबत नाहीत. नवी गाडी दीड-दोन हजार किलोमीटर धावते न धावते तोच हे तेल काढून दुसरे भरावे, असा त्यांच्यापैकी अनेकांचा परिपाठ आहे. हा परिपाठ केवळ हौसेचा की त्यामागे काही कारण आहे, ह्याचा निर्णय करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पोलादाचे दाते आणि तेल ह्यांच्यात प्रत्यक्ष काय घडते ही एक. आणि 'आजीवन' हा शब्द नेमके काय सांगतो ही दुसरी. ह्या विषयावरील बरेचसे वाद दुसऱ्या गोष्टीवर अडखळतात, आणि पहिलीपर्यंत पोहोचतच नाहीत.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना पोहोचवूनही त्यांना भिन्न गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची रचना म्हणजे डिफरन्शिअल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी ती योजिली. तेलाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र ही मूळ रचना नव्हे. आपल्याकडील गॅरेजांत ज्या जोडीला 'क्राऊन-पिनियन' म्हणतात, ती लहान पिनियन व मोठ्या क्राऊन चाकाची जोडी खरी महत्त्वाची. इंजिनाकडून येणारी फिरत ह्याच जोडीत काटकोनात वळते.

पूर्वी ह्या दोन चाकांचे आस एकमेकांना छेदत असत. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने आपल्या मोटारींत 'हायपॉइड' दात्यांचा स्वीकार केला आणि पिनियनचा आस क्राऊनच्या मध्याच्या खाली उतरला. त्यामुळे इंजिनाकडून मागे जाणारा दांडा खाली घेता आला व मोटारीची बैठक ठेंगणी झाली. दातेही अधिक मजबूत झाले. ह्या लाभाची किंमत तेलाला मोजावी लागली. साध्या दात्यांत एक दाता दुसऱ्यावर मुख्यतः लोळतो. हायपॉइड रचनेत तो लोळता लोळता लांबीच्या दिशेने घसरतोही. प्रचंड दाबाखालील ह्या घसरणीत तेलाचा साधा पापुद्रा टिकत नाही, धातू धातूला भिडतो. म्हणून ह्या तेलात गंधक व फॉस्फरस ह्यांची संयुगे मिसळतात. स्पर्शबिंदूवरील उष्णतेने ती पोलादाशी संयोग पावून त्यावर एक पातळ थर निर्माण करतात. दात्याऐवजी हा थर झिजतो, आणि झिजला की पुन्हा तयार होतो. अर्थात प्रत्येक नव्या थरासाठी तेलातील संयुगांचा काही अंश खर्ची पडतो.

नवे दाते कितीही कुशलतेने घासलेले असले तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा पृष्ठभाग डोंगरदऱ्यांचाच दिसतो. प्रथम ही शिखरे मोडतात, मग पृष्ठभाग एकमेकांना जुळतात आणि झीज मंदावून बराच काळ स्थिर राहते. नव्या जोड्याला, नव्या नोकराला आणि नव्या यंत्राला मराठीत 'रुळणे' हे एकच क्रियापद लावतात. यंत्राच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे, कारण तेथे रुळणे म्हणजे थोडेसे झिजणेच होय. ह्या काळाची व्याप्ती साध्या हिशेबाने ध्यानात येईल. चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर धरला तर २,००० किलोमीटरमध्ये चाक, आणि त्याबरोबर क्राऊन, सुमारे १० लाख वेळा फिरते. गुणोत्तर ३.६ असेल तर पिनियनचा प्रत्येक दाता तेवढ्याच अंतरात ३६ लाख वेळा भाराखाली येतो. रुळण्याच्या क्रियेचा मोठा भाग ह्या अवधीत आटोपलेला असतो.

मोडलेल्या शिखरांचे पुढे काय होते, हा ह्या विषयातील कळीचा प्रश्न आहे. इंजिनात तेल पंपाने खेळविले जाते आणि गाळणीतून जाते. सामान्य डिफरन्शिअलमध्ये पंप नसतो, गाळणीही नसते. सुमारे एक लिटर तेलात क्राऊनचा खालचा भाग बुडलेला असतो व तो फिरताना तेल उडवून सर्वत्र पोहोचवितो. पोलादाचे कण काही अंशी तळाशी बसतात, आणि तळाच्या बोल्टवर लोहचुंबक असल्यास काही तेथे चिकटतात. उरलेले तेलाबरोबर दात्यांत आणि, त्याहून वाईट म्हणजे, बेअरिंगांत फिरत राहतात. एवंच इंजिनात जे काम गाळणी करते, ते डिफरन्शिअलमध्ये तेल बदलण्यानेच होऊ शकते. पहिला बदल पुढील कोणत्याही बदलापेक्षा अधिक मोलाचा का, ह्याचे उत्तर येथेच मिळते. पुढील बदल जुने झालेले तेल काढतात. पहिल्या बदलात निघणारे तेल अद्याप चांगले असते, त्यातील चूर तेवढा वाईट असतो.

ह्या तर्काला दुजोरा खुद्द एका निर्मात्याकडूनच मिळतो. जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने आपल्या सामान्य मोटारींतील डिफरन्शिअलचे तेल दीर्घकाळ 'आजीवन' म्हणून सांगितले. त्याच कंपनीच्या 'एम' श्रेणीतील मोटारींना, उदाहरणार्थ २००० ते २००६ ह्या काळात निर्माण झालेल्या ई-४६ पिढीच्या एम-३ ला, सुमारे २,००० किलोमीटरवर रुळण्याची तपासणी सक्तीची होती, आणि तीत इंजिनाच्या तेलाबरोबर डिफरन्शिअलचे तेलही बदलले जाई. दोन्ही मोटारींत पोलाद पोलादावर घासते, दोहोंत गाळणी नाही, आणि दोन्ही विधाने एकाच घराण्याची. भेद आहे तो अपेक्षित भाराचा आणि डिफरन्शिअलच्या अंतर्रचनेचा. तेलाच्या अंगी अमरत्वाचा काही गुण असता तर हा भेद करण्याचे कारण उरले नसते.

मग 'आजीवन' म्हणजे काय? संस्कृत वैयाकरणांनी 'आ' ह्या उपसर्गाचे मर्यादा आणि अभिविधी असे दोन अर्थ सांगितले आहेत. पहिल्यात सीमा वगळून तिच्या अलीकडचा भाग येतो, दुसऱ्यात सीमेचाही समावेश होतो. पुस्तिकेतील 'आजीवन' ह्या दोहोंपैकी कोणता, हा प्रश्न वाटतो तितका शास्त्रीपणाचा नाही. परंतु त्याहून मोठी अडचण अशी की ज्याचे जीवन अभिप्रेत आहे तो षष्ठीचा संबंधच तेथे अध्याहृत आहे. जीवन कोणाचे? तेलाचे म्हणावे तर विधान निरर्थक होते, कारण प्रत्येक तेल स्वतःच्या जीवनापर्यंत टिकतेच. डिफरन्शिअलचे म्हणावे तर ते चक्राकार होते : तेल पुरते तोवर डिफरन्शिअल जगतो, आणि तो जगतो तोवर तेल पुरले असे ठरते. राहिला तिसरा अर्थ, निर्मात्याने आराखड्यात गृहीत धरलेले मोटारीचे आयुष्य. हाच अर्थ सयुक्तिक आहे. मात्र त्या आयुष्याचा आकडा 'आजीवन' ह्या शब्दाशेजारी सहसा छापलेला नसतो. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, अशी समजूत आपल्याकडे अद्याप रूढ आहे. वास्तविक ती शिक्षा उर्वरित आयुष्यभराची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच स्पष्ट केले होते. तेथे शब्द लोकांनी आखूड केला, येथे तो लोकांनी लांबविला. पहिल्या मालकाच्या हाती गाडी असेतो तेल पुरेल, एवढेच आश्वासन कित्येकदा त्या शब्दात असते. तिसरा मालक ते स्वतःलाही लागू समजतो.

शक्तिमान मोटारींत आणखी एक गोष्ट भर घालते. एक चाक घसरू लागले की साधा डिफरन्शिअल सारी फिरत त्याच चाकाकडे जाऊ देतो. हे टाळण्यासाठी अशा मोटारींत बहुधा लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल बसवितात. त्याच्या एका प्रकारात क्लचप्लेटांची चळत असते. ह्या प्लेटा तेलातच एकमेकींवर घासतात, स्वतःचा चूर त्याच तेलात सोडतात, आणि त्यांची पकड तेलातील घर्षण-नियामक द्रव्यावर अवलंबून असते. ते द्रव्य क्षीण झाले की मंद वळणावर प्लेटा अडखळतात व मागून खरखर किंवा धडधड ऐकू येते. तेल लवकर बदलण्याचा पक्ष ह्या प्रकारात सर्वांत बळकट आहे. टॉर्सेनसारख्या, केवळ तिरकस दात्यांवर चालणाऱ्या प्रकारात अशा प्लेटांची चळत नसल्याने तो तितका बळकट नाही. क्राऊन-पिनियनच्या रुळण्याचे कारण मात्र तेथेही लागू पडते.

विरुद्ध पक्षही दुर्लक्षणीय नाही. आजचे दाते पूर्वीपेक्षा सफाईदार असतात व कमी चूर सोडतात. शांतपणे चालविल्या जाणाऱ्या साध्या मोटारींचे डिफरन्शिअल पहिल्याच तेलावर लाखांहून अधिक किलोमीटर चालल्याची उदाहरणे थोडी नाहीत. शिवाय चांगले तेल लवकर काढण्यापेक्षा चुकीचे तेल भरणे कितीतरी अधिक घातक. घर्षण-नियामक द्रव्य हवे तेथे ते नसलेले तेल भरले, तर सद्हेतूने केलेला बदल बिघाडाचे कारण होतो. डब्यावरील आकड्यांनीही घोटाळा होतो. गिअर तेलाचा '९०' आणि इंजिन तेलाचा '४०' हे एकाच मापपट्टीवरचे आकडे नव्हेत. १०० अंश सेल्सिअस तापमानाला '९०' वर्गाच्या गिअर तेलाची दाटी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, तर '४०' वर्गाच्या इंजिन तेलाची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक ठरविलेली आहे. म्हणजे आकडा दुपटीहून मोठा दिसला तरी दाटी जवळपास सारखीच. संख्या येथे परिमाण दाखवीत नाही, ती केवळ वर्गाचे नाव आहे. तेव्हा 'जाड तेल बरे' अशा समजुतीने मोठा आकडा निवडणे व्यर्थ होय. निर्मात्याने सांगितलेला वर्ग आणि सांगितलेले मिश्रण हेच पाळावे.

ह्या सर्वांवरून शक्तिमान मोटारीत, विशेषतः क्लचप्लेटांचा डिफरन्शिअल असल्यास, पहिला बदल सुमारे २,००० किलोमीटरवर करणे युक्त ठरते, मग पुस्तिका त्याविषयी काही सांगो वा न सांगो. एक लिटर तेल व तासाभराचे काम एवढाच त्याचा खर्च. क्राऊन-पिनियनची नवी जोडी त्याच्या कित्येक पट महाग पडते. परंतु एकदा चूर निघून गेल्यावर वारंवार तेल बदलण्याला तोच युक्तिवाद लावता येत नाही. त्यानंतरचा अवधी वापरावर ठरतो. शर्यतीच्या मार्गावर दीर्घकाळ पळणाऱ्या मोटारीत तेल अतिशय तापते, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाचे विघटन साधारण दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ नियम आहे. अशा मोटारीला हंगामागणिक एक बदल अतिरेकी म्हणता येणार नाही. रस्त्यावर नेमस्तपणे चालणाऱ्या मोटारीला तो व्यर्थ आहे.

प्रत्यक्ष बदलताना गाडी थोडी चालवून तेल कोमट करून घ्यावे, म्हणजे कण तेलात मिसळलेल्या स्थितीत बाहेर पडतात. तळाचा बोल्ट सोडण्यापूर्वी वरचा, भरावयाचा बोल्ट सुटतो की नाही हे अवश्य पाहावे. तेल काढून टाकल्यावर वरचा बोल्ट गंजून अडकल्याचे उमगले तर गाडी जागची हलविता येत नाही. चुंबकावर काळसर, मऊ लेप आढळला तर तो रुळण्याचाच अवशेष समजावा. तो बोटांनी चोळून पाहावा. त्यात टोचणारे कपचे लागले, तर नवे तेल भरण्यापूर्वी मागचे झाकण उघडून दाते तपासणे भाग आहे.