खाता तो दात

दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसलेला पेशंट मुळात लॅटिन व्याकरणातून आलेला आहे. ‘पातिएन्स’ म्हणजे सोसत असलेला. ‘आगेन्स’, काम चालवणारा, तो एजंट. ‘स्तुदेन्स’, झटून मागे लागलेला, तो स्टुडंट (वर्गात तसं दिसतंच असं नाही). तिन्ही शब्द वर्तमानकालवाचक कृदन्तं आहेत: अर्धं क्रियापद, अर्धं विशेषण.

या दुहेरी स्वभावाचा रोमनांनी सुरेख उपयोग केला. ‘पातिएन्स फ्रीगुस’ म्हणजे या घटकेला थंडी सोसत असलेला. इथे थंडी कर्म आहे, म्हणून द्वितीया. तिचीच षष्ठी केली, ‘पातिएन्स फ्रीगोरिस’, की अर्थ होतो थंडी सोसण्याचा पिंडच असलेला. विभक्ती बदलली आणि घटकाभराची गोष्ट स्वभाव होऊन बसली.

प्रथमेत ‘-एन्स’, पण षष्ठीत ‘-एन्तिस’. म्हणजे खरा प्रत्यय ‘न्त्’. प्रथमेचा ‘स्’ लागला की ‘त्’ गळतो. वाहून नेणारा या अर्थी लॅटिन ‘फेरेन्तेम’ आणि संस्कृत ‘भरन्तम्’ शेजारी ठेवले, की सख्खी भावंडं ओळखू येतात.

आता लॅटिन ‘देन्स, देन्तिस’ पाहा. अर्थ दात. संस्कृतात दन्त. हेही ‘खाणे’ या धातूचं जुनं कृदन्त असावं, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. तोच धातू लॅटिनमध्ये ‘एद्’, संस्कृतात ‘अद्’. आपलं अन्न त्यातूनच आलं. दात म्हणजे ‘खाता’! पुढे रोमनांना ‘देन्स’मधलं खाणं दिसेनासं झालं असावं, कारण ‘खात असलेला’ म्हणायला त्यांनी ‘एदेन्स’ हा वेगळा शब्द वापरला.

दन्ताचा दात होताना मराठीने ‘न्’ सोडला. प्राकृतातल्या ‘करन्त’चं ‘करत’ झालं तेही तसंच. वाहता झरा, बोलता पोपट यांतला ‘ता’ त्याच घराण्यातला.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट ‘असणे’ या धातूची. त्याचं संस्कृत कृदन्त ‘सत्’, अनेकवचन ‘सन्तः’. जो आहे, खरा आहे, तो संत. लॅटिनमध्ये त्याचंच भावंड ‘सोन्स’, षष्ठी ‘सोन्तिस’. अर्थ मात्र गुन्हेगार! कॅल्व्हर्ट वॉटकिन्स या भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये याची उकल हित्ती भाषेतल्या कबुलीजबाबाच्या शब्दांशी जोडली. आरोप ऐकून ‘होय, आहे’ म्हणणारा तो ‘सोन्स’. आणि इंग्रजीतला सेंट? त्याचा आपल्या संताशी काही संबंध नाही. तो ‘सांक्तुस’वरून आला, आणि ते भूतकालवाचक कृदन्त आहे.