अंगणातील खुर्ची : घरचे लाकूड, गावचा सुतार



मळ्यातल्या वस्तीवर बसाउठायला चार खुर्च्या लागतातच. हल्ली आपण प्लॅस्टिकच्या आणतो. त्या हलक्या आणि स्वस्त, हे खरे. पण वर्षानुवर्षे उन्हात राहिल्या की प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि एक दिवस पाय फाकतो. तरणा गडी कपडे झटकून उठतो. म्हातारे माणूस मात्र खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांसाठी तरी एक दणकट लाकडी खुर्ची करून घ्यावी.

लाकूड : साग उत्तम, पण महाग. शिवाय स्वतःच्या बांधावरचा साग तोडायचा तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. बाभूळ मात्र आपल्या माहितीची. गाडी आणि नांगर तिच्यावरच चालले. तिचा तांबूस गाभा तेवढा घ्यावा, कडेचा पांढरा भाग किडा पोखरतो. ओले लाकूड वाळताना आखडते आणि जोड ढिले होतात. तेव्हा फळ्या कापून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत वर्षभर थप्पी लावावी. गोठ्यात जुने जू किंवा नांगराचे इसाड पडले असेल, तर ते चुलीत घालू नका. ते आयतेच मुरलेले लाकूड आहे. करवत लावण्यापूर्वी खिळे तेवढे काढावेत.

माप : बैठक जमिनीपासून १६ ते १७ इंच, गुडघे धरलेल्या माणसाला १८ इंच. रुंदी २० इंच, खोली १७ इंच. पाय अडीच इंच चौरस. हात बैठकीपासून ८ ते ९ इंच वर आणि पुढच्या पायापर्यंत यावेत, कारण म्हातारे माणूस हातावर भार देऊनच उठते. पाठ थोडीच कलती ठेवावी.

जोड : नुसते खिळे ठोकू नयेत. लाकूड पावसात फुगते, उन्हात आखडते. खिळा गंजतो आणि सैल होतो. सुताराला कुसू काढायला सांगा. कुसवाची जाडी पट्टीच्या एक-तृतीयांश, लांबी दीड इंच. भोकात घट्ट बसवून आरपार लाकडी खुंटी मारावी. चारी पाय खालून आडव्या पट्ट्यांनी बांधावेत. बैठकीच्या पट्ट्यांत पाव इंच फट हवीच. लाकूड लांबीत नाही, रुंदीत फुगते. आणि फटीतून पाणीही निघून जाते.

पाणी : खुर्ची भाराने क्वचितच मोडते, पाण्याने कुजून मोडते. पायाचे खालचे टोक वातीसारखे पाणी ओढते. त्या टोकांना डांबर लावावे आणि खुर्ची मातीत न ठेवता सपाट दगडांवर ठेवावी. बाकी लाकडाला जवसाचे डबल बॉईल तेल पातळ हाताने दोनतीनदा द्यावे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा एक हात. एक सावधगिरी : तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

सुताराची मजुरी प्लॅस्टिकच्या खुर्चीपेक्षा जास्त होईल, यात शंका नाही. पण ढिली झालेली खुंटी बदलता येते, कुजलेली पट्टी नवी बसवता येते. फाटलेले प्लॅस्टिक उकिरड्यावर जाते. आणि गावच्या सुताराच्या हाताला काम मिळते, हेही सहकारात बसणारेच आहे.