ब्रिक्सच्या नोटेची आवई

ऑक्टोबर 2024 मध्ये रशियातील कझान येथे ब्रिक्स राष्ट्रांची परिषद भरली असता, सदस्य देशांचे ध्वज छापलेला, नोटेसारखा दिसणारा एक कागद पुतिन यांच्या हाती आला, त्याचे छायाचित्र जगभर फिरले, आणि तेव्हापासून ‘ब्रिक्सचे चलन आले, डॉलरची घटका भरली’ ही वार्ता व्याख्यानमालांपासून लग्नाच्या पंगतींपर्यंत इतक्या निःशंकपणे सांगितली जाते की, तिची रुजवात घालण्याची गरजच कोणाला भासत नाही. तो कागद केवळ प्रतीकात्मक होता. समाईक चलनाची वेळ अद्याप आलेली नाही, असे त्याच सुमारास स्वतः पुतिन यांनीच सांगितले होते, आणि परिषदेच्या जाहीरनाम्यात चलनाबाबत परस्परांतील व्यवहार आपापल्या चलनांत करण्यास उत्तेजन देण्यापलीकडे काही नाही. आपापल्या चलनांत व्यवहार करणे निराळे आणि ती चलने मोडीत काढून नवे चलन काढणे निराळे, हे आणखी किती वेळा सांगावे?

समाईक चलन म्हणजे समाईक व्याजदर, आणि तो ठरविण्याची मुखत्यारी एका मध्यवर्ती बँकेच्या स्वाधीन करणे. युरो स्वीकारलेल्या ग्रीसवर 2010 च्या सुमारास कर्जाचे अरिष्ट कोसळले, तेव्हा चलनाचे अवमूल्यन करून निर्यात स्वस्त करण्याचा उपाय त्या देशाच्या हाती उरला नव्हता. शतकांची वैरे विसरून एकत्र आलेल्या युरोपची ही कथा. मग भारत आणि चीन या ज्या दोन शेजाऱ्यांच्या सैनिकांत 2020 मध्ये गलवानच्या खोऱ्यात रक्त सांडले, ज्यांच्या व्यापारात 2024-25 साली भारताची तूट सुमारे 99 अब्ज डॉलरांवर गेली, आणि ज्यांपैकी चीनने भांडवलाच्या आवक-जावकीवर अद्याप सरकारी पहारा ठेवला आहे, ते एका तिजोरीला दोन किल्ल्या लावतील, ही कल्पना कोणत्या हिशेबात बसते? डॉलर हटविण्याचे भारताचे धोरण कधीच नव्हते, असे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी डिसेंबर 2024 मध्ये दोहा येथे स्पष्ट केले. तरीही आवई जिवंतच!

स्थानिक चलनांतील व्यापारसुद्धा वाटतो तितका सुलभ नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै 2022 मध्ये परदेशी व्यापाराची फेड रुपयांत करण्याची व्यवस्था जाहीर केली. परंतु आपण रशियाकडून भरमसाट तेल घेतो आणि रशिया आपल्याकडून त्या मानाने फारच थोडा माल घेतो, त्यामुळे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत साचले असून ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील, अशी कबुली रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी मे 2023 मध्ये गोव्यातच दिली. हुंडी वटवायला पेठ लागते, ती ही. गंमत अशी की, डॉलरची कबर खोदण्याचे श्रेय ज्या ब्रिक्सच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेस दिले जाते, तिने 2018 मध्ये मुंबई मेट्रोसाठी मंजूर केलेले कर्जही डॉलरांतच मोजलेले होते: 26 कोटी डॉलर.

डॉलर अढळ आहे, असा याचा अर्थ नव्हे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आकडेवारीनुसार मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीतील त्याचा वाटा 1999 मधील सुमारे 71 टक्क्यांवरून 2024 अखेर 58 टक्क्यांच्या आसपास उतरला; पण ही झीज पाव शतकाची असून, चिनी युआनच्या पदरात त्यातून दोनेक टक्केच पडले आहेत.

किरकोळ गैरसमजांची वासलात थोडक्यात लावता येईल. ब्रिक ही संज्ञा या राष्ट्रांनी घडविलेली नसून, 2001 मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी पेढीतील अर्थतज्ज्ञ जिम ओनील यांनी गुंतवणूकदारांसाठी काढलेली आहे. ब्रिक्स ही लष्करी आघाडी नव्हे. तिला संरक्षणाचा करारनामा तर नाहीच, कायमचे सचिवालयही नाही.

आणि ‘हे सारे छायाचित्रापुरते जमणे’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक जुना दस्तऐवज उलगडून पाहावा. नाणेनिधीतील मोठ्या निर्णयांस 85 टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून अधिक आहेत, म्हणजे तिच्या संमतीवाचून तेथे मोठा फेरफार होत नाही. उदयोन्मुख देशांचा वाटा वाढविण्याचे निधीने 2010 मध्ये ठरविले, परंतु अमेरिकी काँग्रेसची मंजुरी मिळण्यास डिसेंबर 2015 उजाडला. आणि त्या खोळंब्यातच, जुलै 2014 मध्ये, ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे ब्रिक्सच्या तेव्हाच्या पाच राष्ट्रांनी समसमान भागभांडवलाच्या व कोणासही नकाराधिकार नसलेल्या आपल्या न्यू डेव्हलपमेंट बँकेच्या करारावर सह्या केल्या.