गोंड प्रदेशातील मिशनरी दौरे

गोंड प्रदेशातील मिशनरी दौरे म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी नागपूर, चांदा (आताचे चंद्रपूर) व लगतच्या वनप्रदेशात गोंड समाजामध्ये केलेली अल्पकालीन भ्रमंती होय. यांतील सर्वाधिक परिचित दौरे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे आहेत. धर्मप्रसाराच्या हेतूने निघालेल्या या दौऱ्यांचे टिकाऊ फलित मात्र मुख्यतः भाषा, मौखिक साहित्य आणि भूशास्त्र यांविषयीच्या नोंदींच्या रूपाने उरले.

पार्श्वभूमी

गोंडांमध्ये कायम वस्ती करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न जर्मन मिशनऱ्यांनी 1841 मध्ये अमरकंटकजवळील करंजिया येथे केला. थोड्याच काळात त्यांतील चौघांचा आजाराने मृत्यू झाला आणि वसाहत मोडली. यानंतर 1845 मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे हिस्लॉप (जन्म 8 सप्टेंबर 1817, डन्स) नागपुरास आले. तेथे तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. शहरात शाळा व उपदेशाचे कार्य आणि हिवाळ्यात ग्रामीण भागाचा दौरा, अशी त्यांच्या कामाची विभागणी होती. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी होते.

दौऱ्यांचे स्वरूप

पावसाळ्यात नद्या-नाले ओलांडणे कठीण आणि हिवतापाची भीती मोठी, त्यामुळे हिवाळा हाच प्रवासाचा काळ असे. एका गावी मुक्काम थोडा असल्याने उपदेश बहुधा मराठीत होई. नागपूरच्या आसपासच्या गोंडांना मराठी समजत असे. दक्षिण-पूर्वेकडील दाट अरण्यात हे साधन अपुरे पडणारे होते. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या एटापल्ली परिसरातील माडिया गोंडांची बोली नागपूरकडील गोंडीहून पुष्कळ वेगळी आहे.

नोंदी

हिस्लॉप यांनी गोंडांच्या परंपरागत ‘साडेबारा’ शाखांची यादी दिली असून तिच्यात माडियांचा ‘माड्याल’ असा उल्लेख आहे. त्यांनी शब्दसंग्रह तयार केला आणि गोंडांचा संस्कृतिपुरुष लिंगो याची दीर्घ गीतकथा प्रधान समाजातील गायकाच्या तोंडून उतरवून घेतली. प्रधान हे गोंडांचे परंपरागत भाट असल्याने कथेचे जतन त्यांच्याकडे होते. भूशास्त्रातही भर पडली. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे हिस्लॉप व हंटर यांना मिळालेल्या प्राचीन उभयचराच्या जीवाश्माचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने केले.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील शिळावर्तुळांची पाहणी करून बोरीकडे परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 मध्ये प्रसिद्ध केली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय (स्थापना 1883) त्यांच्या नावाने ओळखले जाते.

उत्तरकाळ

पुढे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने चांदा येथे स्थायी मिशन चालविले. तेथील अलेक्झांडर वुड नंतर नागपूरचे बिशप झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1932 मध्ये, व्हेरियर एल्विन व शामराव हिवाळे करंजियास राहावयास गेले. काँग्रेसविषयी सहानुभूती असलेल्या एल्विन यांनी राजनिष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला आणि वुड यांनी त्यांना धर्मोपदेशाचा परवाना नाकारला. धर्मांतर घडविणे हे आपले काम नव्हे, या निष्कर्षाप्रत आलेल्या एल्विन यांनी 1935 मध्ये चर्चचा त्याग केला. हिवाळे यांनी प्रधानांवरील स्वतंत्र ग्रंथ 1946 मध्ये प्रसिद्ध केला.

मूल्यमापन

हिस्लॉप यांच्या नोंदींमुळे गोंडी मौखिक परंपरेचा एक प्रारंभिक लिखित पुरावा उपलब्ध झाला. परंतु त्या एका धर्मोपदेशकाच्या दृष्टीतून, मर्यादित सहवासात आणि मुख्यतः नागपूर भागातील माहितीदारांकडून घेतलेल्या असल्याने सर्व गोंड समाजांना सरसकट लागू करता येत नाहीत. एटापल्लीलगतच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे 23 डिसेंबर 1973 रोजी सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा मार्ग वेगळा होता. धर्मप्रसाराशी संबंध नसलेल्या या प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथेच वास्तव्य केले, माडिया बोली आत्मसात केली आणि रुग्णसेवा व शिक्षणाचे काम उभारले.