अमेरिकी मुद्रक आणि मराठी खिळे

जेम्स गॅरेट हे न्यूयॉर्क राज्यातले मुद्रक. सिलोनमधल्या अमेरिकन मिशनचा छापखाना चालवायला म्हणून १८२० साली ते त्या बेटावर उतरले. तिथल्या ब्रिटिश सरकारला मात्र आणखी अमेरिकी माणसे नको होती. गॅरेट यांना बेट सोडायचा हुकूम झाला आणि १८२१ मध्ये ते मुंबईला आले. तेव्हापासून १८३१ साली मृत्यू येईपर्यंत दहा वर्षे त्यांनी मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये काम केले. मराठीतला संपूर्ण नवा करार त्याच छापखान्यातून १८२६ साली छापून पुरा झाला. भाषांतर करणाऱ्या गॉर्डन हॉल यांचे नाव इतिहासात राहिले. ज्यांच्या देखरेखीखाली पान अन् पान छापले गेले, त्या गॅरेट यांच्या वाट्याला मिशनच्या यादीतली एक ओळ आली आणि नावापुढे 'मुद्रक' हा एक शब्द.

हा शब्द अमेरिकेत लहान नव्हता. ब्रिटिशांच्या अमेरिकी वसाहतींत पहिला छापखाना १६३८-३९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज गावी आला. तिथपासून दीडशे वर्षे मुद्रक म्हणजे कारागीर, दुकानदार, वृत्तपत्राचा संपादक, कागदाचा व्यापारी आणि पुष्कळदा गावचा टपालमास्तर, हे सारे एकाच माणसात असे. बेंजामिन फ्रँकलिन हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. १७१८ साली, बाराव्या वर्षी, ते बॉस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून बांधले गेले. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता, पण भावाचा जाच सोसवेना म्हणून १७२३ मध्ये ते पळून फिलाडेल्फियाला गेले. पुढे ते शास्त्रज्ञ झाले, फ्रान्सच्या दरबारात देशाचे वकील झाले. तरी मृत्युपत्रात त्यांनी स्वतःची ओळख आधी मुद्रक अशीच लिहिली. गॅरेट मुंबईत आले ते ही परंपरा घेऊन.

त्या काळचा लाकडी छापयंत्राचा सांगाडा माणसापेक्षा उंच असे आणि त्यावर दोन माणसे लागत. कागद आदल्या रात्रीच ओलवून, वर वजन ठेवून दाबून ठेवायचा. कोरडा कागद शाई नीट घेत नाही. सकाळी एकाने दोन्ही हातांत चामड्याचे, लोकर भरलेले दोन गोळे घ्यायचे, शाईच्या फळीवर एकमेकांवर घोळवायचे आणि जुळवलेल्या खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या अक्षरांवर, थोपटत शाई बसवायची. दुसऱ्याने चौकटीत कागद लावून ती खिळ्यांवर मिटवायची, सगळा पाट दाबफळीखाली सरकवायचा आणि दांडा अंगाकडे ओढायचा. दाबफळी अर्ध्याच कागदापुरती असल्याने पाट आणखी पुढे सरकवून दांडा दुसऱ्यांदा ओढावा लागे. मग चौकट उघडून कागद सोलून घ्यायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. दोन तरबेज माणसांनी न थांबता काम केले तर तासाला सुमारे २४० कागद निघत, तेही एकाच बाजूचे. वर्षानुवर्षे दांडा ओढून मुद्रकाचा एक खांदा मोठा होई आणि चाल बदले. रात्री शाईच्या गोळ्यांचे चामडे मऊ राहावे म्हणून ते लघवीत भिजत घालत. छापखान्याचा वास त्या दिवसांत कसला होता, हे छापील पानावरून कधी कळत नाही. म्हणूनच ते सांगायला हवे.

शाई घरीच करावी लागे. जवसाचे तेल मोठ्या भांड्यात उकळवून मधासारखे घट्ट करायचे आणि त्यात काजळी खलायची. तेल पेट घेई, म्हणून हे काम घरांपासून दूर, मोकळ्या जागी चाले. मुंबईत शाईचा हाच प्रश्न मराठी मुद्रक गणपत कृष्णाजी यांच्यासमोर आला. मिशनचा छापखाना पाहून त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला आणि शाई, शिळाछापाचा दगड, कागद या प्रत्येकावर स्वतः प्रयोग केले. छापलेल्या कागदाचा विटाळ मानणारी माणसे तेव्हा पुष्कळ होती; शाईत चरबी असते ही त्यांची शंका. गणपत कृष्णाजींनी धार्मिक पुस्तकांसाठी तूप घालून शाई केली आणि ती शंका मोडून काढली. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात त्यांच्या उद्योगाची दखल घेतली, ती योग्यच होती. स्वतःची शाई स्वतः करण्याची गरज आजच्या मोठ्या छापखान्यालाही सुटलेली नाही. म्हैसूरच्या वायव्येला हूटगळ्ळी-मेटगळ्ळीच्या औद्योगिक पट्ट्यात भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण कंपनीचा छापखाना आहे. कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि १९९६ पासून नोटा छापते. नोटांची शाई परदेशातून आणावी लागू नये म्हणून म्हैसूरमध्येच 'वर्णिका' हा शाईचा कारखाना मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला १,५०० टन आहे. नोटांच्या कागदाची गिरणीही म्हैसूरमध्येच आहे.

नोटा छापणे हेही वसाहतीतल्या मुद्रकाचे काम होते, आणि नफ्याचे. चांदी-सोन्याची नाणी अपुरी पडत, म्हणून वसाहतींची सरकारे कागदी चलन काढत. फ्रँकलिन यांनी १७२९ मध्ये कागदी चलनाच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली आणि पुढे पेन्सिल्वेनियाच्या नोटा छापण्याचे काम त्यांना मिळाले. नकली नोटांवर त्यांनी शोधलेला उपाय आजही थक्क करतो. झाडाच्या खऱ्या पानाचा साचा घ्यायचा, त्यात धातू ओतायचा आणि त्या ठशाने नोटेच्या पाठीवर पान छापायचे. शिरांचे जाळे कुठे जाड, कुठे केसाएवढे बारीक. कोरीव काम करणाऱ्याला ते हुबेहूब उतरवता येत नाही, आणि निसर्गात तसेच दुसरे पान मिळत नाही. पेन्सिल्वेनियाच्या १७३९ च्या नोटांवर अशी पाने आहेत. ठसा कसा घेतला, हे फ्रँकलिन यांनी गुपित ठेवले. म्हैसूरच्या नोट छापखान्यातल्या मोठ्या किमतीच्या नोटांवर बोटाला जाणवणारे उठावदार छापकाम असते, ते याच गरजेतून: नक्कल करणाऱ्याला जमणार नाही असे काही हातातल्या कागदावर असावे.

मुद्रकाचा संसार मात्र नोटांवर किंवा पुस्तकांवर चालत नसे. पुस्तकाला भांडवल फार लागे आणि ते विकले जाईलच याची खात्री नसे. पोट भरे ते दस्तांचे कोरे नमुने, जाहिराती, वृत्तपत्र आणि सगळ्यांत जास्त पंचांगावर. शेतकऱ्याला सूर्योदय, भरती-ओहोटी, चंद्राच्या कला, बाजाराचे दिवस हवे असत आणि पंचांग दर वर्षी नवे घ्यावेच लागे. फ्रँकलिन यांचे 'पुअर रिचर्ड' हे पंचांग १७३२ च्या अखेरीस पहिल्यांदा निघाले. ते पंचवीस वर्षे चालले आणि वर्षाला जवळजवळ दहा हजार प्रती खपत, असे त्यांनीच नोंदले आहे. घरात बायबलखेरीज दुसरे पुस्तक नसलेल्या कुटुंबातही ते असे.

मराठीतही तसेच झाले. मिशनने छापखाना आणला तो शुभवर्तमान छापायला. मिशनचे होरेशियो बार्डवेल १८१६ साली मुंबईत आले, कलकत्त्याहून यंत्र आणि नागरी टाइप आले, आणि १८१७ पासून छोट्या धर्मपुस्तिका निघू लागल्या. त्या फुकट किंवा नाममात्र किमतीत वाटल्या जात; त्यांना वाचक शोधावा लागे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये, शके १७५३ चे, मराठी पंचांग शिळाछापावर छापले आणि ग्राहक आपण होऊन दारात आला. तोवर जोशीबुवा हाताने लिहिलेले पंचांग बाळगत आणि घरोघरी वाचून दाखवत. मराठी घरात छापील कागद शिरला तो धर्मोपदेशाने नव्हे, तिथी-वारांनी.

शिळाछापात लिहिलेले अक्षर दगडावर उतरते, त्यामुळे मोडी असो की बालबोध, वळण जसेच्या तसे येते. टाइपात तसे नाही, आणि मराठी मुद्रणाची खरी कसोटी तिथे होती. इंग्रजीत तीन अक्षरांचा शब्द तीन खिळ्यांत उरकतो. नागरीत स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार हे सारे धरले की शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. जुळाऱ्यासमोरची केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची पेटी, इंग्रजीच्या कितीतरी पट पसरते आणि हात खणाखणांतून फिरत राहतो. 'मूर्ती' हा एक शब्द मात्रा वेगळ्या लावण्याच्या पद्धतीने, म्हणजे 'डिग्री' टाइपात, जुळवून पाहिला की हे ध्यानात येते. मधल्या ओळीत म, त आणि वेलांटीचा दांडा. त्याखाली वेगळ्या बारीक ओळीत दीर्घ ऊकार. वरच्या ओळीत वेलांटीचा वळसा आणि त्यावरचा रफार. वर किंवा खाली जिथे चिन्ह नाही, तिथे कोऱ्या खिळ्यांची भर. छापलेली एक ओळ म्हणजे अशा तीन ओळींची चळत, आणि यातले काही केसभर सरकले की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. हे सगळे स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या जुळणीच्या पट्टीत, डोके खाली आणि पाय वर अशा अक्षरांत, डावीकडून उजवीकडे वाचत करायचे. छापून झाले की खिळे धुऊन एकेक पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. चुकीच्या खणात पडलेला खिळा पुढच्या जुळणीत चूक होऊन उगवतो, म्हणून जुने जुळारी परत टाकण्याच्या कामाला जुळवण्याइतकेच जपत.

पण जुळवायला खिळा हवा. अमेरिकी वसाहतींना तो इंग्लंडहून मागवावा लागे. अक्षरे कमी पडली तेव्हा फ्रँकलिन यांनी जुन्याच खिळ्यांचे ठसे वापरून शिशात साचे केले आणि कामचलाऊ अक्षरे ओतली. मुंबईच्या मिशन प्रेसमध्ये काम याच्या पुढे गेले. गॅरेट यांच्यानंतर, १८३० च्या दशकात एलायजा वेब्स्टर हे मुद्रक आले, आणि याच छापखान्यातल्या थॉमस ग्रॅहम यांनी नागरी व गुजराती अक्षरांचे नवे ठसे कोरले. कलकत्त्याहून आलेल्या अक्षरांपेक्षा ही अक्षरे नेटकी आणि आटोपशीर होती.

ठसा कोरणे हे सगळ्यांत अवघड. बोटाएवढ्या पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. 'अ'च्या पोटातली पोकळी आधी दुसऱ्या ठशाने ठोकून घ्यायची, मग बाहेरची कड कानशीने उतरवत जायची. मधूनमधून टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी बसवायची आणि कागदावर उमटवून पाहायचे. जास्त धातू गेला तर परत लावता येत नाही. कांडी टाकून नवी घ्यायची. अक्षर मनासारखे झाले की कांडी तापवून, विझवून कडक करायची आणि तांब्याच्या तुकड्यावर घणाने ठोकायची. तांब्यात उतरलेला खोलगट ठसा म्हणजे मातृका. ती हातसाच्यात बसवून वर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा, आणि रस कोपऱ्याकोपऱ्यात पोचावा म्हणून साचा झटक्याने वर उडवायचा. थंड झालेला खिळा काढला की त्याला ओतताना राहिलेले शेपूट असते, ते मोडायचे. मग खिळ्याच्या बाजू दगडावर घासायच्या. बाजू खडबडीत राहिली तर ओळ सरळ बसत नाही आणि आवळताना खिळे उडतात. बोटे शिशाने काळी होतात आणि चिमटीत धरलेल्या खिळ्याचा काठ टोचत राहतो. हे शेवटचे काम पोरांना देत.

१८३९ मध्ये जन्मलेले जावजी दादाजी चौधरी दहाव्या वर्षी याच कामावर लागले, अमेरिकन मिशन प्रेसमध्ये, ग्रॅहम यांच्या हाताखाली. पगार दरमहा दोन रुपये. शाळा फार झालेली नव्हती. हजारो खिळे चिमटीत धरून घासणाऱ्या मुलाला अक्षराची प्रत्येक कड बोटांनी कळते, आणि कुठल्या खिळ्याची मातृका झिजली तेही आधी त्यालाच कळते. जावजी तिथे ओतकाम शिकले. पुढे मिशनने छापखान्याचा पसारा आवरला आणि ते इतर छापखान्यांत, 'इंदुप्रकाश'मध्येही, टाइप ओतत राहिले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू ठसे कोरत आणि जावजी ओतत. आरूंच्या हाताचे वळण हेच पुढे जावजींच्या 'निर्णयसागर' छापखान्याच्या टाइपाचे वळण ठरले: भरीव, गोलाईदार आणि लहान आकारातही पोकळ्या न बुजणारे. बारीक टाइपात संस्कृत टीका छापायची तर हाच गुण लागतो. जोडाक्षराचा पोटभाग शाईने भरला की शब्द बदलतो.

हा छापखाना आला तो १८६९ मध्ये, कारखान्यानंतर पाच वर्षांनी. हा क्रम महत्त्वाचा आहे: अक्षर आधी, पुस्तक नंतर. निर्णयसागरने पहिले पाऊल टाकले ते पंचांगावर. त्याच्या जोरावर पुढे संस्कृत ग्रंथांची मोठी कामे निघाली आणि १८८६ पासून 'काव्यमाला' ही ग्रंथमाला सुरू झाली. तिच्या शुद्ध छपाईमुळे निर्णयसागरची प्रत पंडितांमध्ये प्रमाण मानली जाऊ लागली. जावजी दादाजी ५ एप्रिल १८९२ रोजी वारले. तोवर त्यांचे खिळे इतर छापखान्यांनीही विकत घेतले होते, आणि त्या छापखान्यांत केसेसमागे उभे राहून नवी पोरे ते घासून, जुळवून, परत खणात टाकत होती.