रब्बी योसेफ यांची मेजवानी

पुंबेदिथा हे बाबिलोनियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं गाव. चौथ्या शतकाच्या आरंभी तिथल्या ज्यू विद्यापीठात रब्बी योसेफ शिकवत. ते अंध होते. एका जुन्या मताप्रमाणे अंध माणसाला धर्माज्ञा पाळण्यातून सूट होती. योसेफ आधी म्हणत, हे मत ग्राह्य आहे असं कोणी सांगितलं तर मी विद्वानांना मेजवानी देईन. बंधन नसताना मी सगळं पाळतो, तेव्हा माझं पुण्य अधिकच. पुढे त्यांच्या कानावर दुसरं वचन आलं : आज्ञा आहे म्हणून पाळणारा हा आज्ञा नसताना पाळणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ. योसेफ यांनी विचार बदलला. मेजवानी द्यायची तयारी तशीच राहिली, पण आता ती ‘अंधालाही सूट नाही’ हे ऐकवणाऱ्यासाठी.

ही गोष्ट तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात आहे. सोळाव्या शतकात पोलंडमधले धर्मशास्त्री रब्बी श्लोमो लुरिया बार मित्झ्वाच्या जेवणाला आधार शोधत होते, तेव्हा त्यांनी हाच प्रसंग पुढे केला. तेरा वर्षांचा मुलगा आज्ञांच्या बंधनात येतो म्हणून ज्यू घरात जी पंगत बसते, तिचं मूळ एका अंध गुरूच्या इच्छेत सापडतं. म्हणूनच अपंग मुलाच्या समारंभाकडे समाजाने दाखवलेला मोठेपणा म्हणून पाहिलं जातं, तेव्हा मला ते खुपतं. योसेफ यांनी सूट नाकारली होती. त्यांना इतरांसारखं बांधलेलं असायचं होतं.

‘बार मित्झ्वा’ म्हणजे आज्ञेचा पुत्र. तेरावं वर्ष पूर्ण झालं की मुलगा आपोआप बार मित्झ्वा होतो, मुलगी परंपरेने बाराव्या वर्षी बात मित्झ्वा. त्यासाठी विधीची गरज नाही. मंडळींसमोर तोरा हा धर्मग्रंथ वाचणं, प्रवचन, जेवण हे सगळं नंतर जडत गेलं. मुलींचा जाहीर समारंभ तर अगदी अलीकडचा : 18 मार्च 1922 रोजी न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लान तोरा वाचायला उभी राहिली, तिथून अमेरिकेत ही रीत सुरू झाली.

अपंग मुलांच्या बाबतीत अडचण आहे ती मिश्नामधल्या, म्हणजे तालमुदच्या मूळ संहितेतल्या, एका त्रयीची. ऐकू-बोलू न शकणारा, बुद्धीने अक्षम आणि अज्ञान बालक, या तिघांना आज्ञांचं बंधन नाही. यातलं बालक मोठं होऊन बाहेर पडतं. उरलेले दोघे जन्मभर बालकच ठरतात. ज्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, त्याला शिकवणार कसं, हा त्यामागचा विचार. (आपल्याकडेही मुक्या-बहिऱ्यांची मुंज करावी का, यावर शास्त्रकारांनी खल केला आहे, धर्मशास्त्राचे अभ्यासक म. म. काणे यांनी ती मतं नोंदवली आहेत.) पण तालमुदमध्येच दोन मुक्यांची कथा आहे. ते रोज पाठशाळेत येऊन बसत, माना डोलवत, ओठ हलवत. रब्बी यहूदा यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांना वाचा फुटली, आणि कळलं की सगळं शास्त्र त्यांच्या डोक्यात आधीपासूनच होतं. ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात ज्यू मूकबधिर मुलांची शाळा उभी राहिली आणि जुनं गृहीतक डळमळलं. ज्यू धर्मातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या कायदा समितीने 2011 मध्ये रब्बी पामेला बार्माश यांचा निर्णय मान्य केला : बहिऱ्यांना बुद्धिहीन मानू नये आणि धर्मविधीत खुणांची भाषा चालावी.

अंध मुलाची गाठ वेगळी. तोरा चर्मपत्राच्या गुंडाळीतूनच वाचावी लागते, पाठ म्हणून चालत नाही. त्यामुळे मुलाला व्यासपीठावर बोलावतात, आशीर्वाद तो म्हणतो, वाचन दुसरा करतो. संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा मात्र तो ब्रेलमधून वाचू शकतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, हिब्रू ब्रेल डावीकडून उजवीकडे; ती पुस्तकं पुरवण्याचं काम 1931 मध्ये स्थापन झालेली न्यूयॉर्कची ज्यूइश ब्रेल इन्स्टिट्यूट करते.

मुलांची तयारी झाली म्हणजे दार उघडतंच असं नाही. 2015 मध्ये इस्रायलच्या रेहोवोत शहरात स्वमग्न मुलं समारंभासाठी तयार होती. जागा मासोर्ती, म्हणजे तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या सिनेगॉगमधली. ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी पंथाच्या, नसलेल्या जागेत समारंभ नको म्हणून महापौरांनी तो थांबवला. राष्ट्राध्यक्ष रूव्हेन रिव्हलिन यांनी आपलं निवासस्थान देऊ केलं, पण तिथेही कोणत्या पंथाचा रब्बी विधी चालवणार यावर बोलणं फिसकटलं. मोठ्यांचं भांडण पंथाचं होतं. दिवस हुकला तो मुलांचा.

अमेरिकेत 1990 च्या अपंगहक्क कायद्यातून धर्मसंस्थांना वगळलं आहे, त्यामुळे व्यासपीठाला उतार करायचा की नाही हे मंडळींच्या मनावर. पण परंपरेच्या आतच पुष्कळ मोकळी जागा आहे. तोरा फक्त शनिवारी नाही, सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात. जे मूल उपकरणाचं बटण दाबून बोलतं, त्याला शब्बाथला, म्हणजे शनिवारी, वीज न वापरण्याचा नियम आड येतो; सोमवारी येत नाही. शिवाय सोमवारचं वाचन लहान असतं आणि गर्दीही कमी.

सगळ्यात अवघड वाटतो तो बापाचा आशीर्वाद. मुलगा तेरा वर्षांचा झाला की बाप देवाचे आभार मानतो : याच्या चुकांच्या भारातून तू मला मोकळं केलंस. ज्याला जन्मभर हात धरून न्यावं लागणार, त्याचा बाप हे शब्द उच्चारताना कशातून मोकळा होतो? याचं उत्तर मला पोथीत सापडलेलं नाही. त्या क्षणी त्याच्या शेजारी सामुदायिक प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं उभी असावीत, एवढं मात्र तळमळीने वाटतं.

वाचन संपलं की मुलावर चहूकडून गोळ्या-मिठाई उधळायची चाल आहे. आवाजाला, अचानक अंगावर येणाऱ्या वस्तूला घाबरणाऱ्या मुलासाठी तो मारा असह्य. तेव्हा उधळू नये. एकेकाने जवळ जावं आणि गोळी त्याच्या तळहातावर ठेवावी.